अष्ठीला, ग्रंथी आणि गाठ : मूत्रावरोधाच्या उपचारांचा शब्दांच्या आधारे मागोवा

१

रोगाचा इतिहास बहुधा औषधांचा, शस्त्रांचा आणि वैद्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. समाजाने त्या रोगाला कोणती नावे दिली, ती नावे कोठून आली आणि त्यांनी उपचाराला कोणती दिशा दिली, हा भाग दुर्लक्षित राहतो. वस्तुतः रोगी वैद्यापुढे बसतो तो आपल्या शब्दांसह बसतो. आणि वैद्यही त्याच्याकडे पाहतो तो आपल्या परिभाषेच्या भिंगातून पाहतो. या दोन शब्दसृष्टींचा मेळ बसला नाही, तर निदान बरोबर असूनही उपचार फसण्याचा संभव असतो.

उतारवयातील पुरुषांना होणारा मूत्रावरोध हे याचे चांगले उदाहरण होय. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असलेली प्रोस्टेट ही ग्रंथी वयाबरोबर वाढू लागते. साठीच्या घरात पोचलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांत सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसून येते, आणि ऐंशीच्या पुढे तर ती बहुतेकांत आढळते. ही वाढ कर्करोग नव्हे. परंतु मूत्रमार्ग दाबला गेल्याने धार बारीक होणे, जोर लावावा लागणे, रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागणे आणि क्वचित लघवी एकाएकी पूर्ण कोंडणे, अशी लक्षणे उद्भवतात. या विकारावर थेट ग्रंथीत औषध टोचून, म्हणजे चिरफाड न करता, इलाज करण्याचे प्रयत्न सुमारे दीड शतक चालू आहेत. त्या प्रयत्नांचा आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या शब्दांचा एकत्र विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

आयुर्वेदाच्या संहितांत या विकाराचे स्वतंत्र असे एक नाव नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बस्तीच्या विकारांची संख्या तेरा आहे. सुश्रुताच्या गणनेत वातकुंडलिका, वातबस्ति, मूत्रजठर, मूत्रोत्संग, मूत्रग्रंथि, उष्णवात इत्यादी नावे येतात. त्यांतच अष्ठीला हे नाव आहे. मलमार्ग आणि मूत्राशय यांच्या मधल्या जागी वायू आश्रय घेतो आणि तेथे अष्ठीलेसारखी घट्ट, न हलणारी, उंचावलेली ग्रंथी उत्पन्न करतो. त्यामुळे मल, मूत्र आणि वायू यांचा अवरोध होतो, असा त्या वर्णनाचा आशय आहे.

स्थानाचा हा निर्देश विलक्षण नेमका आहे. गुदाच्या पुढे आणि मूत्राशयाच्या खाली जी जागा आहे, तीच प्रोस्टेटची जागा होय. यामुळे आधुनिक काळातील अनेक भाष्यकारांनी अष्ठीला म्हणजे वाढलेली प्रोस्टेट, असे समीकरण मांडले. परंतु हे समीकरण जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. एक तर वाताष्ठीला हे नाव वातव्याधींच्या प्रकरणातही येते आणि तेथे तिचे स्थान नाभीच्या खाली सांगितले आहे. दुसरे असे की, मूत्रग्रंथि या नावाने वर्णिलेला विकारही प्रोस्टेटच्या वाढीशी पुष्कळ अंशी जुळतो. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे, संहिताकारांच्या दृष्टीने अष्ठीला हा अवयव नव्हताच. तो वायूने घडविलेला विकार होता. निरोगी पुरुषाच्या शरीरातही त्या जागी एक ग्रंथी असते, ही कल्पना त्या नावात नाही. नाव आणि वस्तू यांची गाठ घालताना ज्ञानाच्या दोन भिन्न चौकटींची सरमिसळ होऊ नये, एवढे पथ्य अभ्यासकाने पाळले पाहिजे.

मग अष्ठीला म्हणजे मूळचे काय? टीकाकारांनी या शब्दाचे दोन अर्थ नोंदले आहेत : उत्तरेकडे प्रसिद्ध असलेला एक वाटोळा दगड, किंवा कारागिरांचे लोखंडी गोलसर उपकरण. दोन्ही अर्थांत घट्टपणा आणि गोलाई हे गुण समान आहेत. अष्ठि म्हणजे फळातील कोय किंवा बी, हा शब्द याच कुळातला. गुडघ्याला संस्कृतात अष्ठीवत् म्हणतात, त्यातही हाच गोल, कठीण भाग अभिप्रेत आहे.

मराठीच्या अभ्यासकाला येथे एक अधिक गोष्ट दिसते. कोकणातल्या आणि मुंबईच्या कोणत्याही घरात उन्हाळ्यात फणस फोडला की त्यातून आठळ्या निघतात. आठळी हा शब्द अष्ठि–अष्ठीला याच शब्दकुळाशी जोडला जातो, आणि ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. ओष्ठापासून ओठ, काष्ठापासून काठी, पृष्ठापासून पाठ आणि गोष्ठापासून गोठा झाला. त्याच न्यायाने -ष्ठ- या जोडाक्षराचा प्राकृतात -ट्ठ- होऊन मराठीत त्याच्या मागचा स्वर दीर्घ झाला, आणि स्वरमध्यस्थ लकाराचा फळ, मूळ या शब्दांप्रमाणे ळकार झाला. वैद्यकाच्या ग्रंथांतून जो शब्द केवळ पंडितांपुरता उरला, तो स्वयंपाकघरात मात्र अखंड जिवंत राहिला. भाजलेली आठळी चुलीतून काढणाऱ्या घरात, त्याच घरच्या वृद्धाच्या दुखण्याला एकेकाळी त्याच नावाने ओळखत असत, याची जाणीव कोणालाही उरली नाही.

युरोपीय भाषांतही असाच एक प्रकार घडला आहे. ग्रंथी या अर्थाने इंग्रजीत रूढ असलेला ग्लँड हा शब्द ज्या लॅटिन ग्लान्दुला या शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ ओक वृक्षाचे लहान फळ. शरीरातल्या न दिसणाऱ्या गोलसर वस्तूला हातातल्या फळाचे किंवा बीचे नाव देणे, ही माणसाची सहज प्रवृत्ती आहे. आजही प्रोस्टेट अक्रोडाएवढी असते, सुपारीएवढी होती ती लिंबाएवढी झाली, असेच सांगितले जाते.

३

अष्ठीला हे नाव जसे दगडाचे, तसे त्यावरील उपचाराचे नाव पिशवीचे आहे. बस्ति या शब्दाचा अर्थ प्रथम मूत्राशय. औषधी काढा किंवा तेल शरीरात सोडण्यासाठी मेंढा, बोकड, डुक्कर अशा जनावरांचे मूत्राशय स्वच्छ करून पिशवीसारखे वापरीत. म्हणून त्या उपकरणालाही बस्ति म्हणू लागले. पुढे त्या उपकरणाने करावयाच्या क्रियेलाच बस्ति हे नाव पडले. अवयव, साधन आणि क्रिया या तिन्ही अर्थांनी एकच शब्द वापरात आला. आजच्या बोलीत मूत्राशयाला लघवीची पिशवी म्हणतात आणि नळी घातल्यावर पलंगाला अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या थैलीलाही पिशवीच म्हणतात. बस्ति या शब्दाने जो प्रवास केला, तोच पिशवी या शब्दाने नकळत पुन्हा केला आहे.

मूत्रमार्गातून द्यावयाच्या बस्तीला उत्तरबस्ति अशी संज्ञा आहे. चरकसंहितेत तिच्या नळीचे, म्हणजे पुष्पनेत्राचे वर्णन आहे. ती सोन्याची किंवा रुप्याची, गुळगुळीत, गाईच्या शेपटीप्रमाणे निमुळती, जाईच्या फुलाच्या देठासारखी, बारा अंगुळे लांब आणि मोहरी जाईल एवढ्या छिद्राची असावी. ती फार आत जाऊ नये म्हणून तिला दोन कर्णिका, म्हणजे कडी असाव्यात. नळी घालण्यापूर्वी तूप लावलेल्या शलाकेने मार्ग तपासावा, असाही निर्देश आहे. कोठेही घाई नाही, जोर नाही. मार्ग मोकळा असेल तरच पुढे जावे, हे त्या विधीचे सूत्र आहे.

उत्तरबस्ति आणि आधुनिक काळातील ग्रंथीत टोचण्याचे उपचार यांच्यांत वरवर साम्य दिसते. दोन्हींत चिरफाड टाळलेली असते. दोन्हींत औषध रोगस्थानाच्या शक्य तितके जवळ पोचवावयाचे असते. तथापि त्यांतील भेद मूलगामी आहे. उत्तरबस्तीचे स्नेहद्रव्य मार्गात आणि मूत्राशयात सोडले जाते. ते वायूचे शमन करते, अशी त्यामागील उपपत्ती. आधुनिक टोचणीचे द्रव्य ग्रंथीच्या मांसात सोडले जाते आणि बहुधा ते पेशी मारण्यासाठी असते. एक उपचार स्निग्ध करणारा, दुसरा जाळणारा. म्हणून एकाला दुसऱ्याचा पूर्वज ठरविणे शास्त्राला धरून होणार नाही. चिरफाडीवाचून सुटका व्हावी, ही रोग्याची इच्छा मात्र दोन्हीकडे एकच आहे.

संहिताकारांना चिरफाड ठाऊक नव्हती असे मात्र नव्हे. सुश्रुताने मुतखड्यावरील शस्त्रकर्म सांगताना सेवनीच्या, म्हणजे गुद आणि वृषण यांच्या मधल्या शिवणीच्या डाव्या बाजूस, जवाएवढे अंतर सोडून छेद घेण्यास सांगितले आहे. हे कर्म अखेरचा उपाय म्हणून करावे आणि त्यात प्राणाचा धोका आहे, हे त्याने स्पष्ट केले आहे. हाच प्रदेश पुढे विसाव्या शतकात भारतीय शल्यवैद्यांनी टोचणीसाठी निवडला, हे पुढे दिसेल.

४

प्रोस्टेट हे नाव ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ पुढे उभा राहणारा असा होतो. प्राचीन ग्रीक वैद्यकात हा शब्द अनेकवचनी येतो, आणि तो नेमका कोणत्या अवयवांना उद्देशून होता याविषयी विद्वानांत मतभेद आहे. सोळाव्या शतकात निकोलो मास्सा याने या अवयवाचे वर्णन केले आणि १५३८ मध्ये वेसालिअसने त्याचे चित्र दिले. फ्रेंच शारीरविद आंद्रे द्यु लोरांस याच्या १६०० च्या ग्रंथापासून हे नाव लॅटिन परिभाषेत स्थिरावले. १७६१ मध्ये मोर्गान्यी याने ग्रंथीची वाढ आणि मूत्रावरोध यांचा संबंध शवविच्छेदनाच्या आधारे दाखविला.

अर्वाचीन भारतीय परिभाषाकारांनी या ग्रीक शब्दाचे शब्दशः रूपांतर करून पुरःस्थ ग्रंथी ही संज्ञा घडविली. विश्वकोशात आणि पाठ्यग्रंथांत ती दृढ झाली. संज्ञा निर्दोष आहे. परंतु ती बोलीत उतरली नाही. गंमत अशी की, पुढे असणे ही कल्पना रोजच्या बोलीत दुसऱ्या वाटेने आधीच आलेली आहे. हिंदी आणि गुजराती बोलणाऱ्यांचा पेशाब हा शब्द फारसी पेश, म्हणजे पुढे, आणि आब, म्हणजे पाणी, यांपासून झाला आहे. मराठीचा लघवी हा शब्द लघुशंका या सभ्य पर्यायाच्या कुळातला. लघु म्हणजे लहान. ज्या गोष्टीला समाजाने लहान म्हणून बाजूला सारले, तिच्याविषयी मोठ्याने तक्रार करणे वृद्धाला अवघड वाटावे, यात नवल नाही.

पुरःस्थ या संज्ञेला एक प्रतिस्पर्धी संज्ञा आहे : पौरुष ग्रंथी. ती हिंदीत अधिक आणि मराठीतही पुष्कळ प्रचलित आहे. तिला आधार नाही असे नाही. सुश्रुताने मुतखड्याच्या निदानात बस्ति, बस्तिशिर, पौरुष, वृषण आणि गुद हे परस्परसंबद्ध असून एकाच अस्थिविवरात राहतात, असे म्हटले आहे. त्यातील पौरुष म्हणजे प्रोस्टेट, असा अर्थ आधुनिकांपैकी काहींनी केला. पौरुष याचा पुरुषेंद्रिय हा सरळ अर्थही तेथे लागतो. शिवाय प्रोस्टेट आणि पुरुष या दोन शब्दांतील ध्वनिसाम्याने या संज्ञेच्या प्रसाराला हातभार लावला असावा. संज्ञेचे मूळ काहीही असो, तिचा परिणाम मात्र निश्चित आहे. पौरुष ग्रंथी बिघडली, असे ऐकणारा माणूस ते आपल्या पौरुषावरील आक्षेप म्हणून ऐकतो.

ही भीती केवळ शब्दातून आली असेही नाही; वैद्यकाने तिला एकेकाळी पुष्टी दिली आहे. १८९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या जे. विल्यम व्हाइट याने वाढलेल्या प्रोस्टेटवर उपाय म्हणून वृषण काढून टाकण्याचा पुरस्कार केला आणि काही वर्षे तो उपाय पाश्चात्त्य देशांत चालला. वृषणांतील अंतःस्रावावर ही ग्रंथी अवलंबून असते, हे त्यामागील निरीक्षण खरे होते. पण मूत्रमार्ग मोकळा करण्यासाठी द्यावी लागणारी किंमत रोग्यांना परवडणारी नव्हती. तो उपाय लवकरच मागे पडला. त्यामागील निरीक्षण मात्र उपयोगी ठरले : अंतःस्रावाची क्रिया मंद करून ग्रंथी लहान करणारे फिनास्टेराइड हे औषध १९९२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

५

शल्यकर्माच्या इतिहासात या विकाराचा भारताशी निकटचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुतखडा मूत्राशयातच चिरडून बाहेर काढण्याची पद्धत भारतातील रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर विकसित झाली, कारण मुतखड्याचे रोगी येथे विपुल होते. होळकरांच्या इंदुरात कीगन या रेसिडेन्सी शल्यवैद्याने ती लहान मुलांवरही यशस्वीपणे करून दाखविली. उत्तर हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील पीटर फ्रेयर हा त्याच कर्मात नावाजलेला होता. १८९६ मध्ये तो लंडनला परतला, आणि डिसेंबर १९०० मध्ये त्याने ओटीपोटावरून मूत्राशय उघडून वाढलेली प्रोस्टेट बोटाने सोलून काढण्याचे कर्म केले. पुढच्या वर्षी त्याने ते प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलरने तेच कर्म त्यापूर्वी केले होते, त्यामुळे अग्रहक्काचा वाद झाला. तथापि ते कर्म जगभर पसरले ते फ्रेयरच्या नावाने. हिंदुस्थानातील रोग्यांवर कमावलेला हात लंडनच्या कीर्तीला कारण झाला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१९२६ मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न याने मूत्रमार्गातून आत घालावयाचे छेदक यंत्र तयार केले. पुढील दशकात त्यात सुधारणा झाल्या. पोट न उघडता, विजेच्या तारेने ग्रंथीचे तुकडे खरवडून काढण्याची ही रीत पुढे प्रमाण मानली गेली. मुंबईत मूत्रशल्याची स्वतंत्र शाखा उभारण्याच्या कामाशी के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. जी. एम. फडके यांचे नाव निगडित आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास ही यंत्रे आणि ती चालविणारे हात थोड्याच मोठ्या रुग्णालयांत होते. इतरत्र उघडे शल्यकर्म करावे लागे, आणि अशक्त, दमेकरी किंवा हृदयविकार असलेल्या वृद्धाला ते झेपत नसे. अशांच्या नशिबी कायमची नळी येई.

टोचणीच्या उपचाराचा उगम या अडचणीत आहे. मूळ कल्पना मात्र जुनी. १८३० च्या दशकात कलकत्त्यात जेम्स रॅनल्ड मार्टिन याने अंडवृद्धीतील पाणी काढून आत आयोडीन सोडण्याची रीत रूढ केली होती. १८५३ मध्ये आजच्या धर्तीच्या पोकळ सुईची पिचकारी निघाली. १८७० च्या दशकात जर्मनीत प्रोस्टेटमध्येच आयोडीन टोचण्याचे प्रयोग झाले. मूळव्याधीवर कार्बोलिक आम्ल टोचण्याची प्रथाही त्याच काळातली. ऊतक सुकवून आकसविणे, हे या साऱ्यांमागील समान तत्त्व.

१९६६ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी या नियतकालिकात जी. एल. तलवार आणि एस. के. पांडे या भारतीय शल्यवैद्यांचा वाढलेल्या प्रोस्टेटवरील टोचणीच्या उपचाराविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. कार्बोलिक आम्ल, तीव्र अॅसेटिक आम्ल आणि ग्लिसरीन यांचे ऊर्ध्वपातित पाण्यातील मिश्रण त्यांनी शिवणीच्या प्रदेशातून सुईने ग्रंथीत सोडले. द्रव्ये स्वस्त, साधने साधी, भूल जुजबी. ज्या देशात रुग्णालयातील खाटा अपुऱ्या आणि शल्यवैद्य मोजके, तेथील गरजेतून ही रीत पुढे आली होती. ब्रिटनमध्येही काहींनी ती वापरून पाहिली. तरीही ती रूढ झाली नाही. टोचलेले द्रव्य ग्रंथीत कोठवर पसरेल यावर वैद्याचा ताबा राहत नाही, ही तिची मूळ उणीव होती. आणि खरवडण्याची रीत दरम्यान अधिक निर्धोक आणि सार्वत्रिक होत गेली.

१९९९ मध्ये जपानमधील गोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रमार्गातून निर्जल अल्कोहोल टोचण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातही पसरण्याचीच अडचण आली. युरोपातील एका अभ्यासात मूत्राशयाचा भाग मृत होण्याचे प्रकार घडले. २००३ मध्ये रोममधील संशोधकांनी बोट्युलिनम विषाची टोचणी आशादायक असल्याचे दाखविले. त्यानंतर ३८० रोग्यांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक परीक्षणात एक लक्षणीय गोष्ट दिसली. विष टोचलेल्यांना बरे वाटले, परंतु नुसते निष्क्रिय द्रव्य टोचलेल्यांनाही जवळजवळ तितकेच बरे वाटले. एनएक्स-१२०७ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधाच्या अमेरिकेतील अंतिम टप्प्याच्या परीक्षणांतही २०१४ मध्ये अपेक्षित फरक सिद्ध झाला नाही.

आता टोचावयाचे द्रव्य बदलले आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रेझूम या पद्धतीत मूत्रमार्गातून सुई ग्रंथीत घालून प्रत्येक ठिकाणी ९ सेकंद पाण्याची वाफ सोडतात. वाफेचे पाणी होताना जी उष्णता मोकळी होते, तिने पेशी मरतात आणि पुढील काही आठवड्यांत शरीर त्या शोषून घेते. ग्रंथीच्या आतील पडद्यांमुळे वाफ एका भागाबाहेर सहसा जात नाही. म्हणजे आम्लाने आणि अल्कोहोलने जो ताबा दिला नाही, तो येथे पुष्कळसा मिळतो. दुसऱ्या एका पद्धतीत मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी नेऊन ग्रंथीच्या रक्तवाहिन्यांत सूक्ष्म कण सोडतात आणि तिचा रक्तपुरवठा कमी करतात. ब्राझीलमधील कार्नेव्हाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या विकारावरील तिचे आरंभीचे अनुभव प्रसिद्ध केले.

६

टोचणीच्या उपचारांचे हे चढउतार केवळ रसायनांचे नाहीत. निष्क्रिय द्रव्य टोचूनही रोग्यांना बरे वाटते, याचा अर्थ सुईला स्वतःचे एक सामर्थ्य प्राप्त झालेले आहे. महाराष्ट्रात हे सामर्थ्य कसे आले, याचा मागही शब्दांतून लागतो. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतातील ते पहिले यशस्वी लसीकरण मानले जाते. देवी टोचणे हा प्रयोग तेव्हापासूनच्या व्यवहारातून मराठीत रुळला. रसग्रंथांत सूचिकाभरण नावाचा एक रस आहे. सुईच्या अग्रावर मावेल एवढ्या मात्रेत तो द्यावयाचा असतो. इंजेक्शनला सूचिकाभरण हा प्रतिशब्द त्यावरूनच सुचला. शासकीय परिभाषेने अंतःक्षेपण हा शब्द दिला. लोकांनी मात्र सुई आणि इंजेक्शन हे दोनच शब्द पसंत केले. सुई मारली म्हणजे गुण येणार, आणि सुई म्हणजे ऑपरेशन नव्हे, हे दोन समज या दोन शब्दांबरोबर आले.

मुंबईच्या उपनगरांत या समजांची कसोटी रोज लागते. १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली, मुलुंड हे भाग बृहन्मुंबईत आले. कोळी, आगरी, ईस्ट इंडियन ही मूळची वस्ती, कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी-कारखान्यांतील कामगार, गुजराती व्यापारी आणि उत्तरेकडून आलेले श्रमिक यांच्या बोली येथे एकाच बाकावर बसतात. राजावाडी, कूपर, भगवती, अगरवाल अशा महापालिकेच्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत वृद्ध आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतात, ते ग्रंथांत नाहीत. लघवी तुंबते, धार सुटत नाही, थेंब थेंब येते, लागते पण होत नाही, अशी ही भाषा आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात मुतखडा, मूत्रकृच्छ्र अशी नावे सापडतात. उन्हाळे लागणे हाही जुना प्रयोग. प्रमेहापासून झालेला परमा हा शब्द अर्थसंकोच पावून गुप्तरोगाचे नाव झाला, आणि त्यामुळे मूत्राच्या कोणत्याही तक्रारीवर लज्जेची छाया पडली. वृद्धांच्या मौनाला अशी भाषिक कारणेही आहेत.

या सर्वांत सर्वाधिक विचार करण्याजोगा शब्द ग्रंथी हा आहे. संस्कृतात ग्रंथि म्हणजे गाठ. सुश्रुताने ग्रंथि, अपची, अर्बुद यांचे निदान एका प्रकरणात दिले आहे. तेथे ग्रंथि हा रोग आहे. आधुनिक शारीरविज्ञानाची परिभाषा घडविताना हाच शब्द स्राव निर्माण करणाऱ्या निरोगी अवयवासाठी योजला गेला. रोगाचे नाव अवयवाला मिळाले. परंतु त्याच शब्दापासून प्राकृतातील गंठि या रूपातून आलेला गाठ हा तद्भव शब्द मात्र जुन्या अर्थालाच धरून राहिला. मराठीत गाठ म्हटले की आज प्रथम कर्करोग आठवतो. डॉक्टर म्हणतात, ग्रंथी वाढली आहे. घरी सांगितले जाते, गाठ वाढली आहे. तत्सम आणि तद्भव यांच्यामधल्या या एका पावलात एक साधा, वयोमानानुसार होणारा बदल जीवघेण्या रोगात रूपांतरित होतो. काही जण भीतीने तपासणीच टाळतात. आणि काही जण, ज्यांना उपचाराची अद्याप गरजही नसते, ते गाठ काढून टाका असा आग्रह धरतात.

उपचाराच्या नावाचेही तेच. वाफ सोडण्याच्या क्रियेला नुसते इंजेक्शन म्हटले, तर रोगी दंडात घ्यावयाच्या सुईची अपेक्षा करतो. त्यानंतर काही दिवस नळी ठेवावी लागेल, आरंभी जळजळ वाढेल आणि गुण यावयास आठवडे लागतील, हे त्या शब्दात येत नाही. उलट तिला ऑपरेशन म्हटले, तर जी भीती टाळण्यासाठी ही पद्धत निघाली, तीच परत येते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात, संमती ग्राह्य ठरावयाची तर उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती रोग्याला मिळाली पाहिजे, असे स्पष्ट केले. माहिती ही शब्दांतूनच मिळते. ज्या शब्दाचा अर्थ सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात वेगळा आहे, त्यावर घेतलेली सही किती खरी, हा प्रश्न वैद्यकाचा तसाच भाषेचाही आहे.

७

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, या विकाराचे प्रत्येक नाव एका उपपत्तीला बांधलेले होते. अष्ठीला म्हणणाऱ्याने वायू शमविण्याचा मार्ग धरला. प्रोस्टेट म्हणणाऱ्याने अवयव काढण्याचा, सुकविण्याचा किंवा जाळण्याचा मार्ग धरला. दुसरा, टोचणीच्या उपचाराची वाटचाल ही एकाच प्रश्नाची वाटचाल आहे : आत सोडलेले द्रव्य कोठे थांबेल? आयोडीन, कार्बोलिक आम्ल, अल्कोहोल आणि वाफ ही त्या प्रश्नाला दिलेली क्रमाक्रमाची उत्तरे होत. तिसरा, सुईच्या प्रतिष्ठेमुळे या उपचारांचे मूल्यमापन निष्क्रिय द्रव्याशी तुलना केल्याशिवाय विश्वसनीय ठरत नाही. रोग्याला बरे वाटणे एवढा पुरावा येथे पुरत नाही.

परिभाषेविषयी एवढेच म्हणता येईल की, नवी संस्कृत संज्ञा घडविण्याची आता निकड नाही. प्रोस्टेट हा शब्द उपनगरांतील सर्व भाषिकांना समान परिचित झाला आहे, आणि त्याला पौरुषाची लज्जा किंवा गाठीचे भय चिकटलेले नाही. तो ठेवावा, मात्र त्याच्यापुढे ग्रंथी हा शब्द उच्चारताना ही गाठ नव्हे, हे वाक्य प्रत्येक वेळी जोडावे. आणि उपचार समजावताना नावापेक्षा क्रिया सांगावी : सुई कोठून जाईल, आत काय सोडले जाईल, नळी किती दिवस राहील. ज्या भाषेने एका कठीण संस्कृत शब्दाची आठळी करून तो शतकानुशतके घराघरांत सांभाळला, तिला एवढे साधे सांगणे अवघड जाऊ नये.